दोन बोटं कागद

पुठ्ठा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण ते टोपणनाव अंगाला असं चिकटलंय, की खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर तोच मागे वळून बघतो, दुसरं कोण आलंय म्हणून. पाठ ताठ, बोलणं ताठ, आणि धंदा पुस्तकबांधणीचा. मग लोकांनी आणखी काय म्हणायचं?

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी टेबल, मधोमध चाक फिरवून दाबायचा लोखंडी दाब, भिंतीला टेकून कापायचं मशीन आणि कोपऱ्यात खळीचं भांडं. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या कुणाची तरी भिंत दिसते. या खोलीत वीस वर्षांत किती वकिलांचे खटले, किती विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि वाचनालयांची किती फाटकी पुस्तकं अंगावर कापड चढवून बाहेर पडली, त्याची गणती नाही. त्याचे उस्ताद म्हणायचे, "टेबलावरून काम उतरलं की कड बोटाला लागता कामा नये. एक कागद जरी बाहेर डोकावला तर समज, तू जीभ बाहेर काढून उभा आहेस." उस्ताद गेले, पण ते वाक्य पुठ्ठ्याच्या हातात राहिलं. डोक्यात नाही हं, हातात. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळा घात तिथंच झाला.

मधली चार वर्षं तो परदेशात होता. तिथल्या एका मोठ्या छापखान्यात बांधणीवाले हवे होते, हा गेला. तिथं घड्या घालायच्या टेबलावर अकरा बायका बसायच्या. त्यांतली एक त्याच्या देशाचीही नव्हती आणि त्या देशाचीही नव्हती, ती तिसऱ्याच देशातून आलेली. हातात घडी दाबायची हाडाची पट्टी, केस रुमालात बांधलेले, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणणं चालू. पुस्तकात पानापेक्षा मोठा नकाशा किंवा तक्ता असला, की तो कापायच्या पात्याखाली येऊ नये म्हणून आत दुमडून द्यावा लागतो. ते नाजूक काम तिचं. तिनं दुमडून दिलेला एकही नकाशा पुठ्ठ्याच्या पात्यानं कधी चाटला नाही. एकदा त्यानं तिला हे सांगितलं. म्हणजे हातवारे करून सांगितलं, कारण दोघांची भाषा अशी नव्हतीच. ती हसली. या माणसानं आयुष्यात कुणाचं केलेलं ते पहिलं कौतुक होतं, आणि ते नेमकं योग्य ठिकाणी पोचलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. तिथल्याच नोंदणी कचेरीत लग्न लागलं. साक्षीला छपाई मशीनवाला आणि चहा देणारी बाई. दाखला मिळाला तो एकच, जाड, पिवळसर कागदाचा. नेहमीच्या कागदापेक्षा दोन बोटं लांब, आणि त्या खालच्या दोन बोटांत नोंदणीचा नंबर आणि हाताला जाणवेल असा उठावाचा शिक्का. बायकोनं शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या त्या तीन देशांच्या सरमिसळ भाषेत म्हणाली, "आता आपण पक्के."

वर्षभरातच छापखान्यानं बांधणी बंद केली आणि पुठ्ठ्याला परत यावं लागलं. तिच्या परवान्याचे अजून सहा महिने उरले होते. ठरलं असं, की यानं घरी जाऊन तिच्या व्हिसाचं बघायचं, म्हणून दाखला यानंच न्यायचा, आणि परवाना संपायच्या आत तिनं थेट नवऱ्याच्या घरी यायचं. सहा महिने! सहा महिन्यांत माणूस घर बांधतो. एक व्हिसा काय अवघड?

घरी आई आणि थोरली बहीण. ताई दातांच्या दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावायचं काम करते. त्यामुळे ती घरातही सगळ्यांशी "पुढचा!" अशाच आवाजात बोलते. आईनं मुलगा आल्या आल्या कपाटातला एक कप्पा रिकामा केला. "सूनबाईचे कपडे लागतील ना ठेवायला," म्हणाली. फोनवर सून दिसली की आई नुसती हात हलवायची, सून तिकडून हात हलवायची, आणि पाच मिनिटांनी दोघी डोळे पुसायच्या. एक शब्द कळत नव्हता एकमेकींचा. नाहीतर एकाच भाषेत जन्मभर भांडणाऱ्या सासवा-सुना आपण पाहतोच की!

व्हिसा कचेरीच्या समोर एक चिंचोळं दुकान होतं. झेरॉक्सचं मशीन, फोटोसाठी पांढरा पडदा, आणि गळ्यात दोरीला चष्मा अडकवून बसलेल्या फॉर्मवाल्या बाई. अख्खं गाव त्यांच्याकडूनच फॉर्म भरून घ्यायचं. पुठ्ठा ताईला घेऊन गेला.

"नीट ऐका, मी एकदाच सांगते," बाई म्हणाल्या, आणि पुढं प्रत्येक गोष्ट त्यांनी तीन तीनदा सांगितली. "पहिला, पाहुण्यांचा व्हिसा. तीन महिने. यायचं, राहायचं, जायचं. काम करायचं नाही, मुक्काम वाढवायचा नाही, आणि इथं येऊन 'मी बायको आहे, आता ठेवून घ्या' असंही म्हणायचं नाही."

"पण ती बायको आहेच," पुठ्ठा म्हणाला.

"तुमच्या लेखी आहे. त्यांच्या लेखी व्हायची आहे."

ताई मध्येच म्हणाली, "मी म्हणते, पाहुणी म्हणून आणू या तर खरं. एकदा घरात आली की कोण काढतंय बाहेर?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते काढतात. आणि काढलं की पुन्हा कधीच आत घेत नाहीत. आणायची आहे की घालवायची आहे?" ताई गप्प बसली. ताई गप्प बसली असं वर्षातून एखाद्या वेळीच होतं.

"दुसरा, कामाचा. इथल्या कंपनीनं लिहून द्यावं लागतं, की असं काम करणारं माणूस आम्हाला अख्ख्या देशात मिळत नाही. काय करते ती?"

"घड्या घालते."

"कशाच्या?"

"कागदाच्या."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "राहू द्या. तिसरा, शिक्षणाचा. वय?"

"अडतीस."

"तोही राहू द्या. चौथा, लग्न ठरलेल्यांचा. म्हणजे ठरलंय पण झालेलं नाही. तो सगळ्यात सोपा. यायचं, तीन महिन्यांत इथं लग्न करायचं, झालं काम."

"मग तोच—"

"तुमचं लग्न झालंय ना?"

"हो."

"तिथंच घोडं अडलं," बाई म्हणाल्या. "आता उरला एकच. जोडीदाराचा. तिला राहता येईल, कामही करता येईल. पण लग्न खरं आहे हे दाखवावं लागेल. मूळ दाखला, दोघांचे फोटो, बोललेलं-लिहिलेलं, घराचा पुरावा, घरच्यांची पत्रं. जितकं जास्त तितकं बरं."

खरं लग्न दाखवायचं म्हणजे काय, हे पुठ्ठ्याला कळेना. खोटं लग्न कसं असतं तेच त्याला ठाऊक नव्हतं. पण माणूस कामाला वाघ. चार महिने तो कागद गोळा करत राहिला. तिचे-त्याचे मेसेज छापून घेतले. त्यात निम्मे 'जेवलास का' आणि 'झोपले होते' एवढेच. छपाई मशीनवाल्यानं तिकडून पत्र पाठवलं. आईनं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, की ही माझी सून आहे, मी तिला पाहिलेलं नाही पण ती माझी सून आहे. ताईनं रिकाम्या कप्प्याचा फोटो काढला. फॉर्मवाल्या बाई म्हणाल्या, "बाकी सगळं सोडा, या कप्प्याच्या फोटोवर व्हिसा द्यायला हवा." एकूण कागद भरले एकशे शहाऐंशी.

आणि सूचनांच्या कागदावर एक ओळ होती: सर्व कागदपत्रे क्रमवार लावून, व्यवस्थित, एकत्र सादर करावीत.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? एक मोठी क्लिप लावली असती, वर रबर चढवलं असतं आणि गेलो असतो. पण हा पुठ्ठा! 'व्यवस्थित, एकत्र' हे शब्द त्यानं वाचले आणि त्याचे हात शिवशिवले. आयुष्यभर लोकांचे कागद बांधले, आज आपल्या लग्नाचे बांधायचे. त्यानं रविवारी सकाळी दुकान आतून लावून घेतलं. कागद लावले, ठोकून सरळ केले, भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवले. कण्याला खळ लावून दाबात ठेवले. मग कापायच्या मशीनवर घेतले. एक कागद खाली दोन बोटं डोकावत होता. त्यानं चाक फिरवून पकड घट्ट केली, दांडा ओढला, आणि पातं खाली आलं. कड कशी, आरशासारखी! बोट फिरवून पाहिलं, कुठं काही लागलं नाही. कातरण नेहमीसारखी पोत्यात पडली. त्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहील? वीस वर्षांत कधी पाहिली होती?

वर निळं कापड चढवलं, आत संगमरवरी नक्षीचं अस्तर, आणि कण्यावर सोनेरी अक्षरांत दोघांची नावं. फोनवरून बायकोलाही दाखवलं. घरी आणलं तेव्हा आईनं हात धुऊन, पुसून मगच ते हातात घेतलं. ताई म्हणाली, "अरे, हे बघून तर ते उठून उभे राहतील!"

मंगळवारी व्हिसा कचेरीच्या खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिनं पुस्तक हातात घेतलं आणि खरंच उठून उभी राहिली. शेजारच्या खिडकीवरच्या माणसाला म्हणाली, "हे बघा, हे बघा काय केलंय!" दोघांनी पानं उलटली, कण्यावरची नावं वाचली. पुठ्ठ्याची छाती दोन इंच फुगली. मग मुलगी हळूच म्हणाली, "काका, किती सुंदर आहे हो. पण हे सुटं करून द्यावं लागेल. आमचं मशीन एकेक कागद घेतं."

"सुटं म्हणजे?"

"म्हणजे उसवून."

तिनं आपल्या खणातली कात्री दिली. पुठ्ठा बाहेरच्या बाकावर बसला. बाकावर माणसं आपापले नंबर हातात धरून बसलेली. त्यांच्यादेखत त्यानं निळं कापड फाडलं, कणा सोलला, एकेक दोरा कापला. ज्या हातांनी रविवारी शिवलं त्याच हातांनी मंगळवारी उसवलं. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "चुकलं का काही?" तो म्हणाला, "नाही, नाही. नियम आहे." बिचारा अजून असंच समजत होता, की वाईटात वाईट जे होतं ते झालं.

मुलीनं कागद एकेक करून मशीनमध्ये घातले. दाखल्याशी आल्यावर थांबली. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "काका, याचं खालचं कुठंय? नंबर, शिक्का?"

पुठ्ठ्यानं कागद हातात घेतला. खालची कड पाहिली. स्वच्छ, सरळ, बोटाला न लागणारी.  कुणी सांगायची गरज नव्हती. तशी कड त्याच्या हातची होती, हजारांत ओळखली असती त्यानं.

"नंबर-शिक्क्याशिवाय हा घेता येत नाही," मुलगी म्हणाली. तिचा आवाजच उतरला होता. "तो तुकडा असेल तर आणा. कापलेला, जोडलेला दाखला चालत नाही, पण मी वरच्या साहेबांना विचारून बघते."

तो दुकानाकडे धावला. पंचेचाळिशीचा, ताठ पाठीचा माणूस, भररस्त्यात धावत! पोतं नव्हतं. रद्दीवाला दर सोमवारी येतो, तसा काल येऊन गेला होता. रद्दीच्या गोदामात गेला, तर तिथल्या मालकानं दार उघडून दाखवलं. कातरणीचे डोंगर. शहरातल्या सगळ्या छापखान्यांच्या, सगळ्या बांधणीवाल्यांच्या कडा. पुठ्ठा गुडघ्यांवर बसला आणि पिवळसर कपटे शोधायला लागला. मालक बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "दादा, कालचा माल सकाळीच ट्रकनं गेला. आतापर्यंत त्याचा लगदा झाला असेल." तरी हा उठेना. शेवटी मालकानं काखेत हात घालून उठवलं आणि पाणी दिलं.

घरी आला तर आई आणि ताई दारातच. "काय झालं?" आणि पुठ्ठ्याच्या तोंडून निघालं, "त्यांच्या मशीनमध्ये दाखला फाटला."

हे असं तो का बोलला, त्याचं त्यालाही कळलं नाही. आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे पहिलंच खोटं एवढं मोठं निघालं. ताईनं खिडकीवरच्या मुलीचा उद्धार केला. आईनं मशीनचा केला. दुपारी बायकोचा फोन आला, तिलाही त्यानं तेच सांगितलं, वर खालचा नंबर-शिक्क्याचा भाग सरळ निघून गेला हेही जोडलं.  तिनं एवढंच विचारलं, "मशीनमध्ये?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "मी इथं दुसरा मागते."

तिच्या परवान्याचे तेवीस दिवस उरले होते. नोंदणी कचेरीनं सांगितलं, दाखल्याची दुसरी प्रत मिळेल, पण दोघांपैकी एकानं वेळ ठरवून स्वतः यायला हवं. पहिली मोकळी वेळ एक्केचाळीस दिवसांनंतर. ती वेळ न घेताच तीनदा जाऊन रांगेत उभी राहिली. तीनदा परत पाठवलं. छापखान्याच्या मालकाला परवाना वाढवून मागितला. तो म्हणाला, इथं आहेत तेच कमी करतोय. पुठ्ठा इकडून फोन लावायचा, तो एक यंत्र उचलायचं आणि त्या देशाच्या भाषेत सांगायचं की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दगडाला बोललेलं बरं, दगड निदान खोटं बोलत नाही.

तो पुन्हा फॉर्मवाल्या बाईंकडे गेला, या वेळी एकटाच. त्यांना मात्र त्यानं सगळं खरं सांगितलं. परक्या माणसाला खरं सांगणं कसं सोपं जातं, नाही? बाईंनी ऐकलं. कपाळावर हात मारला नाही, हसल्या नाहीत. समोरचं झेरॉक्सचं मशीन बंद केलं आणि म्हणाल्या, "एकेक करून बघू."

"तिला पाहुणी म्हणून आणू?"

"पाहुणीला परत जायला घर लागतं, परवाना लागतो. तिचा संपतोय. देणार नाहीत."

"मी तिकडं जाऊन प्रत आणू?"

"कुठल्या व्हिसावर? पाहुणा म्हणून? अर्ज केलात तरी दोन महिने. आणि तुम्ही तिथं काम करून परत आलेले, तुमच्याकडे तर ते आधीच संशयानं बघणार."

"मग तिला इथं आणून पुन्हा लग्न करतो. तो तुमचा चौथा. ठरलेल्यांचा. सोपा म्हणाला होतात."

"त्यात लिहून द्यावं लागतं, की दोघंही अविवाहित आहोत."

"आम्ही तर विवाहित आहोत."

"हो. म्हणजे आधी घटस्फोट घ्यायचा. मग तुम्ही अविवाहित. मग लग्न ठरवायचं."

 पुठ्ठा म्हणाला, "घेतो. तिला समजावून सांगतो. कागदावरच तर घ्यायचाय."

बाईंनी चष्मा काढला आणि दोरीवर सोडून दिला. "भाऊ, घटस्फोटाच्या अर्जाला पहिला कागद लागतो लग्नाचा दाखला. मूळ."

आता बोला! लग्न झालंय म्हणून बायको आणता येत नाही, आणि लग्न झालंय हे दाखवता येत नाही म्हणून ते मोडताही येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा आपला ताठ उभा. त्याला हसू आलं. हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो त्या चिंचोळ्या दुकानात, पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून रडला. बाहेर दोघं फोटोसाठी थांबले होते. बाईंनी त्यांना हातानंच जा म्हणून सांगितलं.

दिवस भराभर संपले. शेवटी ठरलं, की तिनं आपल्या देशात, आपल्या भावाकडे परतायचं. मग तिथून त्या नोंदणी कचेरीच्या देशाचा व्हिसा मागायचा, तो मिळाला तर प्रत, प्रत मिळाली तर इकडचा अर्ज. किती वेळ? कुणी म्हणालं वर्ष, कुणी म्हणालं दोन. सगळे अंदाजच, उंटावरून शेळ्या हाकणं.

तिच्या विमानाच्या आदल्या दिवशी ताई दवाखान्यातून एक कागद लिहून घेऊन आली. सुवाच्य अक्षरात तक्रार. खिडकीवरच्या मुलीनं निष्काळजीपणानं मूळ दाखला मशीनमध्ये फाडला, तिच्यावर कारवाई व्हावी, आणि कचेरीनं स्वतः प्रत मागवावी. "सही कर," ताई म्हणाली. "मी सोडणार नाही तिला. आमच्याकडे कुणाचा चुकीचा दात काढला असता तर गप्प बसले असते का लोक?"

पुठ्ठ्यानं पेन हातात घेतलं. डोळ्यांसमोर ती मुलगी आली, पुस्तक हातात घेऊन उभी राहिलेली. 'किती सुंदर आहे हो' म्हणणारी. त्यानं पेन खाली ठेवलं.

"ताई, तिनं नाही फाडला. मी कापला."

"काय?"

"बांधताना. बाहेर आला होता, कापला."

ताईनं तोंड उघडलं. तिच्या तोंडात भांडायला काय काय आलं असेल, देव जाणे. मग तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. ते टेबलावर उताणे पडले होते, जणू दुसऱ्याच कुणाचे. तिनं तक्रारीचा कागद चुरगाळला आणि म्हणाली, "वेड्या, एवढे दिवस एकट्यानं घेऊन फिरलास?" आणि थोड्या वेळानं, "तिला सांगितलंस?"

"नाही."

"ती विमानात बसायच्या आत सांग. त्या मुलीला शिव्या घालत घालत जायला नको तिनं."

आई आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं की नाही ते कळलं नाही. ती बाहेर आली नाही एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा फोन विमानतळावरून आला. पुठ्ठा दुकानात होता. समोर एका विद्यार्थ्याचा प्रबंध कापायचा राहिला होता. गेले तीन आठवडे तो गिऱ्हाइकाला विचारून विचारून कापायचा, "बघा हं, यात काही महत्त्वाचं नाही ना? पुन्हा बघा." बैल गेला आणि झोपा केला! गिऱ्हाइकं वैतागायची.

फोनमध्ये तिच्यामागे माणसं पेट्या ओढत चालली होती. केस रुमालात बांधलेले, छापखान्यात बांधायची तसेच. चेहरा सुजलेला. "अजून अर्धा तास आहे," ती म्हणाली. "आईला विचार, कप्पा अजून रिकामा आहे का."

"आहे."

"ठीक."

मग पुठ्ठ्यानं सांगायला सुरुवात केली. त्या सरमिसळ भाषेत 'कापला' हा शब्द त्याला रोज लागायचा, तोच आज सापडेना. शेवटी त्यानं फोन फिरवून कापायचं मशीन दाखवलं, आणि दोन बोटं आडवी धरली. "एवढा," तो म्हणाला. "मी. त्यांच्या मशीननं नाही. या मशीननं. मी."

ती बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्याची तयारी होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. कचेरीचं मशीन कागद फाडतं तर वेडावाकडा फाडतं. खालचाच भाग, सरळ, तो कसा जाईल? आणि तू. बाहेर आलेला कागद तू ठेवशील? चार वर्षं शेजारी काम केलंय तुझ्या."

"मग बोलली का नाहीस?"

 तिच्या विमानाचा पुकारा झाला. तिनं मागे वळून पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. मग मोकळ्या हाताची दोन बोटं उचलली आणि हवेतच खालून वर दुमडली. अगदी तशीच, नकाशाची कड आत घ्यायची तशी. अंगठ्यानं घडी दाबली.

"मोठा कागद होता," ती म्हणाली. "तुझ्या हातात देण्याआधी मी दुमडून द्यायला हवा होता. ते माझं काम होतं."

आणि रांग पुढं सरकली म्हणून तिला फोन ठेवावा लागला.